सारवणापुरतं पावित्र्य

राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी कुठल्याही कृषी विद्यापीठातून बाहेर पडलेल्याला झोपेतून उठवून कंपोस्टच्या पद्धती विचारल्या, तर पहिली दोन नावं येतील ती इंदूर आणि बंगलोर. ‘फरक स्पष्ट करा’ म्हणून परीक्षेत हमखास पडणारा प्रश्न आहे तो. मी बंगळुरात बावीस वर्षं राहतो आहे. आपल्या शहराच्या नावाची खत करण्याची एक पद्धत देशोदेशीच्या पाठ्यपुस्तकांत आहे, हे ठाऊक असलेली माणसं मला इथे बोटांवर मोजण्याइतकी भेटली, आणि ती सगळी साठी उलटलेली.

ती पद्धत इथल्या भारतीय विज्ञान संस्थेतली. रिक्षावाले तिला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’च म्हणतात. तिथे डॉ. सी. एन. आचार्य यांनी 1939 साली ही पद्धत बसवली. शहराचा कचरा आणि मैला यांचे आलटून पालटून थर चरात रचायचे, वरून मातीचा लेप द्यायचा आणि चर काही महिने मिटून ठेवायचा. ढवळायचं नाही, उलथापालथ करायची नाही. त्याआधी इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या जोडीने दुसरा मार्ग घालून दिला होता. (1931 च्या त्यांच्या पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत, हॉवर्ड जगाला आठवतात, वाड आपल्यालाही आठवत नाहीत.) त्यांच्या पद्धतीत ढीग वेळोवेळी उलटायचा, त्याला हवा द्यायची. हवा मिळाली की ढीग तापतो आणि लवकर कुजतो. पण तापलेल्या ढिगातला नत्र अमोनिया होऊन उडतो. बंगलोर पद्धतीने ढिगाचं तोंड बांधलं आणि तो नत्र पुष्कळसा आत राखला.

खतातलं जे पिकाला हवं ते जमिनीत उतरण्याआधीच हवेत पळतं, त्याला अडवायचं कसं, हा प्रश्न या शहरात 1939 मध्ये विचारून झालेला आहे. आज दोड्डबळ्ळापूर, होसकोटे, देवनहळ्ळी, हेसरघट्टा या टापूत कुठल्याही गोठ्यामागे जाऊन उभं राहा. डोळ्यांना झोंबणारा एक दर्प येतो. तोच दर्प संगमनेरला येतो, बारामतीला येतो, शिरोळला येतो. पिकाच्या मुळाशी जायला निघालेलं खत वाटेतच उडून चालल्याची ती वर्दी असते. आपण नाकाला पदर किंवा रुमाल लावतो आणि पुढे जातो.

आधी थोडी रसायनाची उठाठेव करू. गाईच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा वाटा, निम्म्याच्या आसपास, मुतात असतो आणि तो मुख्यतः युरियाच्या रूपात असतो. दुकानातल्या गोणीत असतो तोच युरिया. शेणातल्या जिवाणूंचं युरिएज नावाचं विकर त्याला भेटलं की एक-दोन दिवसांत त्याचं अमोनियम होतं. ते पाण्यात विरघळलेलं असेतो गप्प बसतं. ऊन लागलं, वारा लागला, सामू (pH) चढला की अमोनिया वायू होऊन उठतं. गोबरगॅसच्या टाकीतून बाहेर येणाऱ्या स्लरीत हे आणखी पुढे गेलेलं असतं. टाकीत शेण कुजताना त्यातला बांधलेला नत्र बराचसा सुटा होऊन अमोनियमच्या रूपात येतो आणि स्लरीचा सामूही वर सरकतो. म्हणून स्लरी ताज्या शेणापेक्षा पिकाला लवकर लागू पडते, आणि त्याच कारणाने ताज्या शेणापेक्षा लवकर उडूनही जाते. उघड्या कुपीतल्या अत्तरासारखी तिची गत. जमिनीवर पसरलेल्या स्लरीतून जायचा तो अमोनिया मुख्यतः पहिल्या एक-दोन दिवसांत जातो, आणि त्यातही पहिले काही तास सगळ्यांत वाईट.

आता ही स्लरी शेतात कशी जाते ते पाहा. पुष्कळ घरी ती शेतात जातच नाही. टाकीशेजारच्या खड्ड्यात साचते, उन्हात वाळते, आणि मे महिन्यात तिची ढेपळं फोडून पाट्यांनी रानात टाकली जातात. वाळताना पाणी उडतं आणि पाण्याबरोबर त्या सुट्या नत्राचा मोठा भागही. उरतो तो सेंद्रिय भाग. तो वाया जात नाही, जमीन भुसभुशीत करायला तो हवाच. पण स्लरीचं म्हणून जे वेगळेपण होतं ते आभाळात गेलं. शिवाय खड्डा ओला असेतो त्यातून मिथेन निघत राहतो, कारण टाकीबाहेर पडलं म्हणून कुजणं काही थांबत नाही. मिथेन पकडायला टाकी बांधायची आणि टाकीच्या दारातच त्याला सोडून द्यायचं, असा हा उलटा संसार.

काही घरी बादलीने किंवा मगाने पिकावर भिरकावतात. पानांवर, वरंब्यावर, वाटेवर पातळ थर पसरतो. ऊन आणि वारा यांना याहून सोयीचं ताट कुणी वाढलेलं नसेल. काही घरी पाटाच्या पाण्यात सोडतात. ही रीत बरी, कारण पाण्याबरोबर स्लरी जमिनीत मुरते. पण पाटाच्या तोंडाशी असलेल्या वाफ्याला दाट मेजवानी आणि शेवटच्या वाफ्याला नुसतं रंगीत पाणी, हे तिथेही सुटत नाही. उरलेल्या थोड्या घरी ती सरीत ओतून लगेच माती ओढतात, झाडांच्या आळ्यात देऊन झाकतात, किंवा दोन-तीनदा गाळून ठिबकमधून सोडतात. अमोनियाच्या दृष्टीने हेच खरं. पृष्ठभागावर उडवण्याऐवजी ओळीत सोडली तर हानी घटते आणि मातीआड केली तर फारच घटते, हे युरोपात शेकडो शेतांवर मोजून झालं आहे. वर उघड्या वाऱ्यात आणि खाली मातीत, इतकाच तो फरक.

या बाबतीत हेसरघट्ट्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. बंगळुरूच्या वायव्येला असलेल्या या गावी डेन्मार्कच्या मदतीने गुरांच्या पैदाशीचा प्रकल्प उभा राहिला. गोठवलेलं रेत तयार करणारी केंद्र सरकारची संस्था आजही तिथे आहे. त्या मदतीतून आपण दूध वाढवणारं वाण घेतलं. त्याच डेन्मार्कने या शतकाच्या सुरुवातीलाच स्लरी हवेत फवारून शेतावर टाकायला बंदी केली. नळ्यांनी जमिनीलगत सोडा किंवा मातीत घाला, असा तिथला नियम. आपण त्यांच्याकडून वळू घेतला, शेणाची अक्कल घेतली नाही. नेदरलँड्समध्येही 1990 च्या दशकापासून स्लरी जमिनीत चिरून घालण्याची सक्ती आहे. पण तिथे गुरंच इतकी झाली की तेवढ्याने भागलं नाही, आणि 2019 मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर नत्राचा प्रश्न थेट रस्त्यावर आला. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला धडकले. त्यांच्या अवजड यंत्रांची आपल्याला गरज नाही आणि ती परवडणारही नाहीत. दोन-चार जनावरांच्या गोठ्याला एक कुदळ पुरते.

मग ती कुदळ का मारली जात नाही? माझं या लेखातलं सगळं सांगणं या एका प्रश्नाभोवती आहे.

पहिलं उत्तर पैशाचं, आणि ते खोटं नाही. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. ताज्या शेणात 0.4 टक्के नत्र धरला तर रोजचा 200 ग्रॅम, वर्षाचा 73 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साधारण 20.7 किलो नत्र असतो. म्हणजे वर्षभराच्या स्लरीतला नत्र साडेतीन गोण्यांचा. गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना पडते. खरी किंमत त्याच्या कितीतरी पट असते आणि ती फरकाची रक्कम सरकार भरतं. तेव्हा शेतकऱ्याच्या हिशेबी वर्षभराच्या स्लरीतल्या नत्राचं मोल साडेनऊशे रुपयांच्याही आत. त्यातला तिसरा हिस्सा उडाला तर तीनशे रुपयांचं नुकसान. तीनशे रुपयांसाठी वर्षभर रोज कुदळ कोण मारील? शेतकरी मूर्ख नाही. आपण त्याला नत्र इतका स्वस्त करून दिला आहे की तो वाया घालवणं हेच शहाणपणाचं ठरावं. आणि जो पैसा सरकार सेंद्रिय खतासाठी द्यायला निघालं आहे, तो त्याच्यापर्यंत पोचायचा नाही. 2023 साली केंद्राने आंबवलेल्या सेंद्रिय खताला टनामागे 1,500 रुपये विक्रीसाहाय्य जाहीर केलं. पण ते संयंत्रातून विकल्या जाणाऱ्या खताला. आपल्याच शेणाची स्लरी आपल्याच सरीत नीट गाडणाऱ्या बाईला त्यातली दमडी मिळत नाही, कारण तिने काही विकलेलं नसतं.

बाई म्हटलं मी, आणि तिथेच दुसरं उत्तर आहे. ते पैशाच्या उत्तरापेक्षा खोल आहे, म्हणून कुणी बोलत नाही.

स्लरी कोणत्या वेळी शेतात जाते? सकाळी. का सकाळी? कारण शेणघाण सकाळी काढतात. आणि शेणघाण कोण काढतं? घरातली बाई. झाडलोट, धार, चहा, मुलांचे डबे यांच्या मधल्या फटीत ती गोठा साफ करते, शेण कालवून टाकीत घालते, पलीकडून बाहेर आलेली स्लरी बादलीने उचलून जवळच्या वाफ्यावर ओतते आणि पुढच्या कामाला पळते. तोवर नऊ वाजलेले असतात. ऊन चढणीला लागलेलं असतं, आणि बंगळुरूच्या पठारावर जून-जुलैत वारा काय असतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. अमोनिया उडवायला याहून चांगला मुहूर्त पंचांगात सापडायचा नाही. योग्य वेळ संध्याकाळची. ऊन उतरल्यावर, वारा पडल्यावर, हलक्या पाण्याच्या पाळीआधी. पण संध्याकाळी तिला पुन्हा धार आहे, स्वयंपाक आहे. संध्याकाळी मोकळा असतो तो घरातला पुरुष, आणि तो या वेळी पारावर असतो. अमोनिया किती उडेल ते ऊन, वारा आणि सामू यांवर ठरतं असं पुस्तकात लिहिलं आहे. घरातल्या कामाच्या वाटणीवरही ठरतं, हे लिहायचं राहिलं.

आणि ती वाटणी अशी का? कारण शेण आपल्याला पवित्र आहे, पण शेणाचं काम हलकं आहे. आपली भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा प्रामाणिक. पंचगव्यात शेण आहे, दारात सारवण आहे, दिवाळीच्या पाडव्याला शेणाचा गोवर्धन आहे. आणि त्याच शेणाच्या रोजच्या कामाला शब्द काय, तर ‘शेणघाण’. कुणी लाज आणली तर त्याने ‘शेण खाल्लं’. कुणाचा अपमान करायचा तर त्याच्या ‘तोंडात शेण’. पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर सनातन्यांनी जे फेकलं तेही शेणच होतं. पूजेला बसताना ते शुद्ध करणारं, आणि बाईच्या अंगावर फेकायचं तेव्हा मात्र विटाळणारं. सारवणापुरतं पावित्र्य, ते एवढंच. ज्या वस्तूला हात लावणं आपण बायकांवर आणि खालच्या मानलेल्या जातींवर सोपवलं, तिचं शास्त्र आपल्या घरात शिरेल कसं? शास्त्र शिरायला निर्णय घेणाऱ्याचा हात त्या वस्तूला लागावा लागतो.

आचार्यांच्या चरांनाही हे लागू आहे. थर रचायचे, लेप द्यायचा, हे लिहिणारे हात प्रयोगशाळेतले. मैल्याच्या पाट्या वाहून ते थर प्रत्यक्ष रचणारे हात कुठल्या वस्तीतले होते ते सांगायला नको. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर पूर्ण बंदीचा कायदा या देशाने 2013 मध्ये केला, आणि तोही पहिला नव्हे. आधीचा 1993 चा नुसता कागदावर राहिला म्हणून. ही गाठ ज्याने खरी ओळखली तो माणूस आपला होता, आणि त्यालाही आपण विसरलो आहोत. कोकणचे गांधी अप्पासाहेब पटवर्धन. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम मागितलं; सवर्ण कैद्याला ते काम नाही, म्हणून सरकारने नाकारलं; त्यांनी अन्न सोडलं, आणि त्यांच्या पाठिंब्याला येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला. (हेच गांधीजी 1927 मध्ये आजारातून उठताना बंगळुरात विश्रांतीला होते, तेव्हा इथल्या सरकारी दुग्धसंस्थेत जाऊन विद्यार्थ्यासारखे गोपालनाचे धडे घेत होते. विश्रांतीची त्यांची कल्पनाच निराळी.) पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी संडास, सोनखत, गोबरगॅस यांवर वर्षानुवर्षं हात घातला. मैला खत झाल्याशिवाय आणि ते खत ब्राह्मणाने स्वतः उचलल्याशिवाय अस्पृश्यता जायची नाही, हे त्यांना कळलं होतं. खताचं तंत्र आणि समाजसुधारणा त्यांच्या लेखी एकच काम होतं. आपण त्या कामाची दोन खाती केली : तंत्र कृषी विभागाकडे, सुधारणा जयंतीच्या भाषणाकडे.

ही वाटणी मोडून पाहणारा एक प्रयोग बंगळुरूपासून फार दूर नाही. विज्ञान संस्थेतलेच प्रा. अमूल्य रेड्डी यांनी 1974 मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ नावाचा गट उभा केला. तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या खेड्यात त्यांनी सामायिक गोबरगॅस बांधला. सुरुवातीला सगळ्यांना स्वयंपाकाचा गॅस द्यायचा बेत होता; तेवढं शेणच गावात नव्हतं, बेत फसला. मग 1987 पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून विहिरीचं पाणी घरोघरच्या नळाला आणि दिव्यांना वीज दिली. तपशील मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा. घरोघरचं शेण वजन करून घेतलं जाई, आणणाऱ्याला मजुरी मिळे, आणि वायू काढून झालेला गाळ ज्याच्या त्याच्या शेणाच्या हिशेबाने परत केला जाई. शेण वजनकाट्यावर आलं, वहीत आलं, आणि ते आणणाऱ्या बाईचं नावही वहीत आलं. ‘शेणघाण’ होतं त्याचं ‘जमा’ झालं. गाळ वाळूच्या वाफ्यांतून गाळून परत देत. उघड्या वाफ्यावरून काही अमोनिया तिथेही उडत असणार, तो त्या काळी त्यांचा प्रश्न नव्हता. पण ज्या गोष्टीचं वजन होतं तिची गळती उद्या कुणीतरी मोजतंच. अलीकडे गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीने बायका जास्तीची स्लरी विकतात. आपल्या दूधसंघांनी शेणाकडे असं पाहायला काय हरकत आहे? बंगळुरात पहाटे साडेपाचला नंदिनी दुधाची पिशवी दाराशी पडते. दुधाचा दर वाढतो तेव्हा चारा, पेंड, मजुरी सगळ्याचा हिशेब वर्तमानपत्रात येतो. शेणाचा कधी आलेला मी वाचला नाही. शेण गोठ्यामागे राहतं आणि दूध शहरात येतं. पण अमोनिया शहरातही येतो. गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी त्याची गाठ पडली की त्याचे बारीक कण होतात आणि फुफ्फुसात उतरतात. गोठा आणि फ्लॅट यांच्यामध्ये हवेला कुंपण नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक, स्लरी गाडली की प्रश्न मिटला. मिटत नाही, आणि खरा कस इथे लागतो. नत्र मातीत राखला की तो मातीतल्या जिवाणूंच्या तावडीत सापडतो. जमीन पाण्याने तुडुंब असेल, हवा संपलेली असेल, तर काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि त्या झटापटीत नायट्रस ऑक्साइड सुटतो. दंतवैद्य भूल द्यायला वापरतात तोच, हसवणारा वायू. हवेत मात्र त्याचं काम हसण्यासारखं नाही : शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या 273 पट ताप धरतो. टाकलेल्या नत्रापैकी एक टक्का अशा रीतीने जातो असं सर्वसाधारण धरतात. मघाच्या 73 किलोंवर हा हिशेब लावला तर वर्षाला सव्वा किलोच्या आत नायट्रस ऑक्साइड, पण त्याचा ताप तीनशे किलोंहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइडएवढा. स्लरी खोल आणि दाट गाडली, वर पाणी साचलं, तर हा आकडा वाढू शकतो. बंगलोरच्या मिटलेल्या चराचंही हेच झालं होतं. नत्र राखला, पण हवाबंद चरातून मिथेन निघतो हे 1939 मध्ये कुणी मोजत नव्हतं. एका दारी चोर अडवला तर तो दुसऱ्या दारी जातो.

म्हणून आपल्या शेतकऱ्यापाशी एक शब्द आहे त्याला मी या सगळ्या शास्त्रापेक्षा जास्त मानतो : वाफसा. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, हवाही आहे. स्लरी वाफशावर द्यावी. एकदम न देता थोडी थोडी द्यावी, पीक वाढीला लागलेलं असताना द्यावी, म्हणजे मुळं जिवाणूंच्या आधी नत्र उचलतात. इथल्या तांबड्या जमिनीत पाणी लवकर मुरतं, ती बहुधा आम्लाकडे झुकणारी. अमोनियाला ती थोडा आवर घालते. मराठवाड्या-विदर्भातली चुनखडीची काळी जमीन अल्कधर्मी. तिथे वर टाकलेली स्लरी जास्त उडेल, आणि पावसाळ्यात तुंबलेल्या त्याच काळ्या रानात गाडलेली स्लरी नायट्रस ऑक्साइड जास्त सोडेल. तेव्हा हेसरघट्ट्याची कृती उचलून परभणीत चालायची नाही. साठवणीची टाकी मात्र दोन्हीकडे झाकलेलीच हवी. आणि स्लरी जास्त असेल तर पाचट, भुसा, वाळला पाला यांच्या थरांवर ओतून कंपोस्ट करावं. कोरडा काडीकचरा नत्राला धरून ठेवतो.

आणखी एक आक्षेप मी आमच्या मराठी मंडळींच्या बैठकीत नेहमी ऐकतो : जीवामृत करा, सगळं सुटतं. जीवामृताचा प्रसार करणारे सुभाष पाळेकर आपले, अमरावती जिल्ह्यातले. कर्नाटकात रयत संघाच्या शेतकऱ्यांनी त्यांना महाराष्ट्राच्याही आधी डोक्यावर घेतलं, याचं मला कौतुक आहे. जीवामृतात 10 किलो शेण 200 लिटर पाण्यात जातं. इतकं पातळ द्रावण लगेच मुरतं, त्यातून अमोनिया थोडाच उडणार. पण हिशेब पाहा. एका एकराला महिन्याला 10 किलो, एका देशी गाईवर तीस एकर, हे त्यांचं प्रसिद्ध गणित. आपल्याकडे तीस एकरांना एक गाय नाही. दोन-तीन एकरांना दोन गाई आहेत. दोन एकरांचं जीवामृत महिन्याला 20 किलो शेणात होतं. बाकीचं पाच-सहाशे किलो शेण कुठे असतं? उकिरड्यावर, उघडं. पिंपातल्या दहा किलोंवर श्रद्धा आणि मागच्या ढिगाकडे पाठ, ही तर जुनीच सारवणाची गोष्ट झाली. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आपल्या उकिरड्याने अशी किती तपं पाहिली, मोजवत नाही.

सरकारने करायचं ते सरळ आहे. गोबरगॅसला अनुदान देताना झाकणाच्या स्लरीटाकीशिवाय तो पुरा झाला असं मानू नये. युरियावर जो पैसा ओततो आहोत त्यातला लहानसा भाग घरच्या स्लरीला द्यावा, दूधसंघाच्या वहीतून, दुधाच्या बिलाबरोबर, गोठ्यात राबणाऱ्या बाईच्या खात्यात. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या कृषी मेळ्यात ट्रॅक्टरांभोवती गर्दी असते. तिथे एक सरी, एक बादली आणि एक कुदळ ठेवून ‘इथे वास घ्या, मग तिथे वास घ्या’ एवढं दाखवलं तरी पुष्कळ होईल.

पण सरकार येईपर्यंत थांबायचं कारण नाही. तुमच्यापैकी पुष्कळांचं गावी अजून घर आहे, घरामागे गोठा आहे. पुढच्या खेपेला जाल तेव्हा संध्याकाळी पारावर जाण्याआधी स्लरीची बादली तुम्ही उचला. दोन बादल्या सरीत ओता आणि लगेच माती ओढा. मग वाकून वास घ्या. डोळ्यांना झोंबलं, तर आणखी माती ओढा. आणि सकाळी ती बादली बायकोने, आईने किंवा वहिनीने उचलायच्या आत सांगा, की आजपासून हे काम संध्याकाळचं, आणि ते माझं.